साध्या पाण्याची वाटी

कुंदा,

परवा शाळेच्या पटांगणात तुझ्यासाठी शोकसभा झाली. बोलणाऱ्यांपैकी तिघांनी सांगितले, की तुझ्या हाताला गुण होता. एकाने तर असेही सांगितले, की तू म्हशीच्या पाठीवरून नुसता हात फिरवलास तरी ती गाभण आहे की नाही हे तुला कळत असे. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि हे ऐकताना तुझा चेहरा कसा झाला असता, ते मला स्पष्ट दिसत होते. भुवया किंचित वर, ओठ मिटलेले, आणि सभा संपल्यावर त्या गृहस्थांना बाजूला घेऊन सगळे नीट समजावून सांगण्याची तयारी.

शोकसभेत दुरुस्त्या सुचवायच्या नसतात. मी दोन वाक्ये बोलून खाली बसले. दुरुस्त्या इथे करते.

तुझ्या हाताला गुण नव्हता. तुझ्या हाताला शिस्त होती, आणि ती तुझ्या अंगात कशी आली याची मी साक्षीदार आहे. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नाहीत. ही त्यांतली पहिली आहे, म्हणून ती चमत्काराच्या नावावर जमा झालेली मला चालणार नाही.

नव्व्याण्णव साली तू नववीत होतीस. बीजांकुरणाचा प्रयोग होता. खिडकीत वाट्या मांडल्या होत्या. एकीत मिठाचे पाणी, एकीत साबणाचे, एकीत लिंबाचा रस घातलेले, आणि शेवटच्या वाटीत साधे पाणी. तू उभी राहिलीस आणि विचारलेस, "मॅडम, जिच्यात काहीच करायचं नाही, ती वाटी ठेवायची काऊन?" वर्ग हसला. विज्ञानाच्या वर्गात 'काऊन' म्हटले म्हणून हसला असावा. प्रश्न मात्र वर्षातला सर्वांत चांगला होता. मी फळ्यावर उत्तर लिहिले: काही न केलेली वाटी नसेल, तर काही केलेल्या वाटीने काय केले ते समजत नाही. इतरांनी ते वहीत उतरवून घेतले. तू फळ्याकडे बघत बसलीस. वहीत लिहीत का नाहीस, असे मी विचारले, तेव्हा तू म्हणालीस, "समजून राहिली मॅडम, थांबा."

पुढे तू पशुसंवर्धनाची पदविका घेतलीस आणि आपल्याच भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात लागलीस. सालेकशाच्या जंगलकडेच्या गावांत, सायकलवर कृत्रिम रेतनाचे भांडे बांधून फिरणारी तरुण मुलगी लोकांनी तोवर पाहिली नव्हती. पुरुषांची अडचण मोठी होती. म्हैस माजावर आली हे एका मुलीला सांगायचे कसे? कोणी म्हणे म्हैस बिमार आहे, कोणी म्हणे ती उगीच ओरडून राहिली. एका म्हाताऱ्याने तर बायकोला पुढे करून स्वतः पळसाच्या झाडामागे उभे राहणे पसंत केले. तू तिथूनच त्याला म्हणालीस, "काका, इकडे या. लाजाचं काम म्हशीचं हाय, तुमचं नाई." त्या दिवसापासून तू 'ढोरायची डॉक्टरीन' झालीस आणि माणसे तुझ्याशी सरळ बोलू लागली.

बियाण्याची परीक्षा तू टोलीतल्या, म्हणजे गावाजवळच्या वस्तीतल्या, बायकांना शाळेच्याच व्हरांड्यात शिकवलीस. तुला हे सांगायची गरज नाही, पण मी कोणालाही काही सांगते ते पहिल्यापासून सांगते, हे तुला माहीत आहे. जनावर गाभण राहिले की त्याच्या मूत्रातली द्रव्ये बदलतात. त्यांतली काही अशी असतात, की ती बियाण्याला झोपवून ठेवतात. ताजे मूत्र भरपूर पाण्यात पातळ करून त्यात बी भिजत घातले आणि चार-पाच दिवसांत ते उगवले नाही, तर जनावर गाभण असण्याचा संभव असतो. उगवले, तर बहुधा नसते. शेजारी त्याच बियाण्याची साध्या पाण्याची वाटी ठेवायची. प्रयोग एवढाच. पुस्तकात गहू सांगितला होता. आपल्याकडे धान. तू म्हणालीस, धान चालेल.

मी या परीक्षेवर खूश होते आणि वर्तमानपत्रात लेख लिहायला निघाले होते. तू मला अडवलेस. जनावर आजारी असेल, चारा बदलला असेल, मूत्र शिळे असेल, तर वाटी फसवते, असे तुझे म्हणणे होते. "बियानं इशारा देते मॅडम, निकाल नाई देत," असे तू म्हणालीस आणि हाताने तपासल्याशिवाय कोणत्याही जनावराला गाभण म्हणायला तू अखेरपर्यंत तयार झाली नाहीस. लेख राहिला. त्यावरून आपण भांडलो आणि ते भांडण मिटण्याआधीच देवकाबाईच्या म्हशीचे प्रकरण आले.

देवकाबाईची म्हैस, कारी, तिने माहेराहून पारडू असताना आणलेली. हाताने वाढवलेली. एका वेतानंतर ती पुन्हा फळली नव्हती. देवकाबाईचा नवरा सेवकराम हिशेबी आणि शांत माणूस. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने ठरवले, की भाकड म्हैस बाजारात न्यायची. भाकड म्हैस बाजारात कोण घेतो आणि पुढे तिचे काय होते, हे टोलीत सगळ्यांना माहीत होते. त्यामुळे देवकाबाईने कोणाला न सांगता वाटी मांडली, आणि चार दिवसांनी पाहिले, तर धानाचा एक दाणाही उगवला नव्हता.

त्या रविवारी मी तुझ्यासोबत होते. तिच्या ओसरीवर दहा-बारा बायका जमल्या होत्या. चहा झाला होता. सेवकराम बाजूला बाजेवर बसला होता आणि त्याने म्हैस नेण्याचा विचार सोडल्याचे सांगून टाकले होते. देवकाबाईने वाटी तुझ्या हातात दिली. तू ती उजेडाकडे धरलीस, दाणे बोटाने हलवलेस आणि विचारलेस, "पान्याची वाटी कुटी हाय?"

देवकाबाई हसली. "पान्यात धान उगवते, हे काय बाई आमाले शिकवाचं? जलमभर तेच त करून राहिलो."

सगळ्या बायका हसल्या. खरे सांगते, मीही हसले. ज्यांच्या दारापासून जंगलापर्यंत धानाच्या बांध्या पसरलेल्या, त्यांनी पाण्यात धान उगवते की नाही याची परीक्षा का करावी? चूक अशी होती, की ती फक्त धान पिकवणाऱ्यांच्याच हातून व्हावी.

तू हसली नाहीस. देवकाबाईने ज्या डब्यातून दाणे घेतले होते, त्याच डब्यातले दाणे तू मागितलेस आणि साध्या पाण्याची वाटी स्वतः मांडलीस. निघताना सेवकरामला म्हणालीस, चार दिवस कोणीच काही ठरवू नका. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर आपण पुन्हा गेलो. साध्या पाण्यातलेही धान उगवले नव्हते.

देवकाबाई उठून आत गेली, डब्यातले मूठभर धान घेऊन आली, दाराच्या उजेडात तिने दोन दाणे नखाने सोलले आणि तशीच उभी राहिली. "हे त उसना होय," ती म्हणाली. भातासाठी उकळून, वाळवून ठेवलेले धान. टरफल शाबूत, रंग थोडा पिवळसर, पण दाणा आतून शिजलेला. ते कोणत्याही पाण्यात उगवणार नव्हते. कारीचे मूत्र त्यात पडले काय आणि नाही पडले काय.

कोठीतले कच्चे धान घेऊन तू दोन्ही वाट्या नव्याने मांडल्यास. या वेळी चार दिवसांनी दोन्ही वाट्यांत पांढरे कोंब आले. तू हातानेही तपासलेस. कारी गाभण नव्हती.

त्या दिवशी देवकाबाई तुझ्याकडे पाहत नव्हती. एवढेच म्हणाली, "तू आली नसती त बरं झालं असतं, बाई. माही म्हस घरी राहिली असती."

परत येताना रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी थांबली होती आणि आपण उभ्या उभ्या वाद घातला. माझे म्हणणे असे होते, की सत्य सांगायलाच हवे, पण ते आजच सांगायला हवे असे नाही. बाजाराचा दिवस टळू द्यायचा होतास. तू सायकलच्या दांड्याकडे बघत म्हणालीस, "मॅडम, खोट्या गाभनावर म्हस घरी राहिली असती, पन फळली नसती. गाभन हाय म्हनून तिचा माज कोनी पाहिलाच नसता. म्हस फळते हिवाळ्यात. हिवाळा निघून गेला असता, मंग काय?" मी म्हणाले, त्या बाईचा चेहरा तू पाहिलास का? तू म्हणालीस, पाहिला. मालगाडी गेली, फाटक उघडले, वाद तिथेच राहिला.

पण तू घरी गेली नाहीस. फाटकावरूनच सायकल वळवलीस आणि सेवकरामकडे गेलीस. गाभण नसणे म्हणजे भाकड असणे नव्हे, असे तू त्याला समजावलेस. पुष्कळ म्हशींचा माज मुका असतो. ती ओरडत नाही, चारा टाकत नाही, माणसाला काही कळू देत नाही. पण मूत्रातून तिचा निरोप जातच असतो, फक्त तो वाचणारे नाक माणसाचे नसते. माज दर तीन आठवड्यांनी येतो. तेवढे दिवस तू मागून घेतलेस. सेवकराम म्हणाला, तीन आठवडे दिले, चौथा देणार नाही.

शेजाऱ्याकडे एक हल्या, म्हणजे रेडा, होता. तो कारीच्याच पहिल्या वेताचा, म्हणून लग्नाच्या कामाचा नव्हे, नुसत्या वासाच्या कामाचा. रोज सकाळी त्याला दोरीने धरून कारीच्या गोठ्यात आणायचे आणि तिने ओल केलेल्या जागेवर त्याचे नाक लावायचे, असा तुझा क्रम होता. माजाचा गंध असेल तर हल्या मान उंच करतो, वरचा ओठ मुडपतो आणि काही क्षण तसाच स्तब्ध राहतो. टाळूवरच्या एका खास इंद्रियापर्यंत तो गंध ओढून घेत असतो. आपल्याकडे म्हणतात, हल्या हसला. तू दवाखान्यात जाण्याआधी रोज तिथे हजर. थंडी अशी, की हल्याच्या नाकपुड्यांतून वाफा निघायच्या.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. हल्या जमीन हुंगायचा आणि गवताकडे वळायचा. सेवकराम दातून चावत उभा राहायचा. एके दिवशी म्हणाला, "काऊन बाई, हल्या काई हसत नाई. एखादी गंमत सांगून पाहा त्याले." तू म्हणालीस, "तुमीच सांगा भाऊ, तो तुमाले वळखते." देवकाबाई त्या दिवशी पहिल्यांदा पदरामागे हसली. तुला आठवते की नाही, मला माहीत नाही. मी हे तिच्याकडून ऐकले.

तिसरा आठवडा सरत आला होता. बाजाराच्या आदल्या सकाळी मी मुद्दाम आले. तू खचलेली असशील तर कोणी सोबत असावे, एवढाच हेतू. धुके होते. हल्याने नाक लावले, थांबला, पुन्हा लावले. मग मान सावकाश वर गेली, ओठ मुडपला, दात दिसले आणि तो पुतळ्यासारखा उभा राहिला. देवकाबाईने तोंडावर हात ठेवला. सेवकरामच्या तोंडातले दातून तसेच राहिले.

आणि तू, कुंदा, इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर घडत असताना, बाह्या सरसावून म्हणालीस, "हल्या हसला म्हनून मी नाई हसनार. आधी तपासू द्या." तू म्हशीला तपासलेस, पातळ सोट, म्हणजे माजाचा स्राव, पाहिलास, मग मान हलवलीस. संध्याकाळी रेतन केलेस, तेव्हा दोरी सेवकरामने धरली होती. दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला, पण एकटाच, मीठ-मिरची आणायला.

पुढचे सारे तू तुझ्या पद्धतीने केलेस. तीन आठवड्यांनी हल्या पुन्हा आणला. तो हसला नाही, आणि या वेळी त्याच्या न हसण्याने सगळ्यांना आनंद झाला. मग वाट्या. देवकाबाईने कच्चे धान स्वतः निवडले, प्रत्येक दाणा दातांखाली धरून पाहिला. साध्या पाण्यात कोंब आले, दुसऱ्या वाटीतले दाणे काळे पडून निजून राहिले. बायका तुझ्या तोंडाकडे पाहत होत्या. तू म्हणालीस, हाताला लागेपर्यंत थांबा. हाताला लागले तेव्हा पळस फुलले होते. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर कारीला वगार, म्हणजे पारडी, झाली.

शोकसभेत ज्याला तुझा हातगुण म्हणतात तो हा असा, किती सकाळींचा बनला होता, ते मी पाहिले आहे. दर वर्षी तू माझ्या नववीच्या वर्गात यायचीस आणि मुलांना ही हकिकत सांगायचीस. उसन्या धानापाशी आलीस की मुले हसायची. मग तू विचारायचीस, या गोष्टीत सगळ्यांत हुशार कोण? कोणी हल्या म्हणायचे, कोणी बाई तुम्ही. तू टेबलावरची पाण्याची वाटी उचलून दाखवायचीस. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. तेव्हा मला जे वाटायचे ते मी तुला कधी सांगितले नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याला तोंडावर फार वाखाणू नये, अशा वळणात मी घडले आहे. आता लिहिते: त्या बाकावर बसून तुला ऐकणे हे माझ्या नोकरीतले सर्वोत्तम तास होते.

फाटकावरच्या वादाचे काय झाले, तेही लिहायला हवे. नागपूरच्या दवाखान्यातून तुझे रिपोर्ट आले, तेव्हा तुझ्या भावाने ते मला दाखवले आणि हात जोडून म्हणाला, तिला सांगू नका. सगळ्यांनी ठरवले होते, की तुला अल्सर म्हणायचे. मी गोंदियाला तुला भेटायला आले. तू उशीला टेकून बसली होतीस, हात इतके बारीक झालेले, की बांगडी कोपरापर्यंत जाईल. भाऊ बाहेर गेल्यावर तू माझा हात धरलास. "मॅडम, मले उसना धान दाखवू नोका."

मी सांगितले. सगळे, पहिल्यापासून, जसे मला सांगता येते तसे. तू मधे दोन प्रश्न विचारलेस, दोन्ही बिनचूक. मला वाटले, आता तू देवकाबाईसारखे म्हणशील, तुम्ही आल्या नसत्या तर बरे झाले असते. तू म्हणालीस, "आता कामं लावता येतीन." आणि लावलीस. दवाखान्यात तुझ्या जागी आलेल्या नव्या पर्यवेक्षकाला बोलावून कोणत्या गावातली कोणती म्हैस मुकी आहे, हे तू त्याला तोंडी समजावलेस. भावाच्या मुलीला दहावीनंतर काय घ्यायचे ते तिच्याशी बोलून ठरवलेस. आईजवळ आठ दिवस राहून आलीस. अल्सर असता तर यांतले काही झाले नसते. हिवाळा निघून गेला असता.

तू जिंकलीस, असे मी तरीही म्हणणार नाही. तुला रिपोर्ट सांगून मी जिन्यात बसले होते, तेव्हा मला वाटत होते, की एक दिवस, फक्त एक दिवस थांबले असते तर काय बिघडले असते. म्हणजे माझी बाजू अजून पडलेली नाही. तुझे उत्तर काय असते ते मला माहीत आहे. पण ते तुझ्या तोंडून ऐकण्याची सोय राहिली नाही.

काल तुझी तेरवी झाली. तिथून निघून मी देवकाबाईकडे गेले. ती थकली आहे, सेवकरामला ऐकायला कमी येते म्हणून तो मोठ्याने बोलतो. गोठ्यात कारीची नात आहे. आम्ही तिघे मिळून तुझ्याबद्दल थोडे बोललो, फार नाही. देवकाबाईची नवी सून चहा घेऊन आली. बालाघाटकडची, अजून बुजलेली. खिडकीत दोन वाट्या होत्या. सुनेला त्या हलवून जागा करायची होती, आणि तिने सासूला हळूच विचारले, या एका वाटीत तर नुसते पाणीच आहे, ही टाकून दिली तर चालेल का?

देवकाबाईने कप खाली ठेवला. "हात नोको लावू. कायच नाई केलेली वाटी नसन, त केलेल्या वाटीनं काय केलं ते समजत नाई."

सून म्हणाली, हे कोणी सांगितले?

"आमच्या कुंदाबाईनं."

सेवकरामने मान डोलावली. ते वाक्य मी एके काळी फळ्यावर लिहिले होते आणि तास संपल्यावर पुसले होते. तू ते वहीत लिहून घेतले नव्हतेस.

उठून खिडकीशी गेले. साध्या पाण्यातल्या धानाला कोंब आले होते. दुसरी वाटी न पाहता मी निरोप घेतला. तिचा निकाल देवकाबाई लावणार होती, आणि आधी म्हैस हाताने तपासून घेणार होती.